माझी गाडी प्रत्येक थांब्यावर थांबते

मेहकर-बीबी अपडाऊन करणाऱ्या आम्हा शिक्षकांमध्ये गेमचा विषय मुद्दाम काढावा लागत नाही. सकाळच्या बसमध्ये कोणीतरी मोबाईलवर गेम उघडतं आणि त्यावरून घरी पोरांनी काय ऐकवलं ते सांगायला लागतं. पोतंभर किस्से जमलेत. आणि हो, आम्ही गेम खेळतो! पन्नाशीला टेकलो म्हणून काय नुसती गुड मॉर्निंगची फुलंच पाठवायची?

*

गवई सर मोबाईलवर शेती करतात. खरी तीन एकर आहे, तरी! एका रविवारी वावरातून दमून आले, हातपाय धुतले आणि मोबाईलवर पेरणीला बसले. यंदा रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपाने त्यांची अर्धी तूर फस्त केली होती. पोरगा रेसिंग गेमवाला. त्याने हसून विचारलं, घरचं वावर काय कमी पडून राह्यलं?

सर म्हणाले, "याच्यात रोही घुसत नाहीत बे."

*

देशपांडे मॅडमच्या मुलाने त्यांना 'खरा गेम' दाखवायचा म्हणून भुताच्या बंगल्यात सोडलं. मॅडम खोलीखोलीतले दिवे बंद करत फिरल्या. मागून भुताने गाठलं. मुलगा कपाळाला हात लावून बसला.

"मेले तर मेले, रिकाम्या खोलीत लाईट जळलेला मला चालत नाही!"

*

मी बस चालवते. माझा नियम एकच: शेवटचा माणूस चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. वीस वर्षं फाट्यावर हात दाखवत उभी राहिलेय, न थांबलेल्या गाड्यांची धूळ खाल्लीय. त्यामुळे गेममध्ये रोज उशीर होतो, पॉइंट कटतात. वर्षभर मी चौथ्याच लेव्हलला आहे, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

माझी पल्लवी अकरावीत आहे. माझ्याच मोबाईलवर बंदुका चालवते. मागच्या महिन्यात तिच्या नव्या गेमला जागा पुरेना, तर म्हणे तुझी बस डिलीट करते.

"काऊन ठेवते आई? रोज हरूनच तर राह्यली तू."

"हरू दे. फोटो काढून टाक पाहिजे तर माझे सगळे. गाडी काढायची नाही."

दोन दिवस अबोला. मला वाईट वाटत होतं, पण बसमध्ये सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, मॅडम, हटायचं नाही.

*

शनिवारी पल्लवी मैत्रिणीच्या गावाहून लालबुंद होऊन आली. फाट्यावर हात दाखवला तरी गाडी थांबली नव्हती. पुढच्या गाडीसाठी दीड तास उन्हात उभी होती. मी पाणी दिलं.

चहा झाल्यावर तिने मोबाईल मागितला. आता बंदुका सुरू होतील म्हणून मी वह्या तपासायला घेतल्या. आवाज येईना. डोकावून पाहिलं तर माझी बस! थांब्यावर उभी, वेळेचा आकडा लाल झालेला.

"काढ न गाडी," मी म्हटलं. "पॉइंट कटून राह्यले."

तिने मानही वर केली नाही.

"थांब न आई. ते म्हातारी अजून चढून राह्यली."