नाक्याच्या अलीकडचा चहा

दर रविवारी उन्हं कलली की आमच्या गल्लीतले दातवाले बाबा सायकल काढत आणि शहर संपेपर्यंत चालवत नेत. शहर संपलं की थांबत. कामठी रस्त्यावर जकात नाका होता आणि त्याच्या अलीकडे एक चहाची टपरी. तिथल्या बाकावर बसून ते बिनदुधाचा चहा पीत, नाक्यापलीकडे जाणाऱ्या ट्रकांकडे आणि बैलगाड्यांकडे बघत आणि मग सायकल वळवून परत येत. नाक्याच्या दोन्ही बाजूंना पानठेले होते. बाबा टपरीवाल्याला म्हणायचे, "तिकडचं पान आण गा." पान तेच, चुना तोच, पण बाबांना पलीकडचंच पान लागे. मला सुरुवातीला हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

बाबा चिनी होते. नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दातांचं दुकान होतं आणि काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या असत. त्या कवळ्या रात्री आपापसात बोलतात, असं लहानपणी आम्हाला खरंच वाटायचं. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणालाही नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचे दातवाले बाबा झाले. मिसरूड फुटायच्या वयात काकाबरोबर ते चीनमधून कलकत्त्याला आले आणि तिथून कामठीला. छावणीतल्या शिपायांच्या दाढा काढता काढता त्यांनी संसार केला. मूलबाळ नव्हतं. बायको कामठीतच वारली, तिथं मन लागेना, म्हणून दुकान उचलून नागपुरात आले. ते स्थिरस्थावर होतात न होतात तोच बासष्टची लढाई झाली.

दुकानाच्या पाटीवर 'चिनी दंतवैद्य' असं होतं. त्यातल्या 'चिनी'वर बाबांनी स्वतःच शिडीवर चढून निळा रंग फासला. तरी दोन-चार टारगट पोरांनी दुकानावर दगड भिरकावलेच. पुढे त्यांच्याच आज्या कवळी बसवायला आल्या तेव्हा बाबांनी कुरकुर न करता बसवून दिल्या. फक्त एवढं म्हणाले, "नातवाले सांगा, काच महाग आहे."

लढाई संपली, पण बाबांच्या पायातली बेडी सुटली नाही. परवानगीशिवाय त्यांनी शहराची हद्द ओलांडायची नाही आणि ठरल्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यायची, असा हुकूम होता. हजेरी घेणाऱ्या हवालदाराच्या तोंडात बाबांनीच केलेली कवळी होती. कधी कवळी टोचली की हवालदारच दुकानात येई, हजेरीही तिथंच उरकून घेई आणि वर ओशाळून म्हणे, "बाबा, तुमी कुठं जाऊन नाही राहिले, मले माहीत आहे. पण सही तर करा लागते ना." बाबा सही करत आणि म्हणत, "तोंड उघड." माझ्या मनात येई, ठाण्यातला माणूस यांच्या खुर्चीत आ वासून बसलाय आणि कैदी मात्र हेच आहेत.

बाबांची मतं ठाम असत. नागपूरच्या उन्हाची तक्रार करणाऱ्यांचा त्यांना राग येई. "ऊन बरं आहे. सगळ्यांले सारखंच लागते," ते म्हणत. सुपारी दातांनी फोडणाऱ्यावर ते खेकसत, "घरी अडकित्ता आहे ना? मग दात काहून वापरून राहिले?" भिवापुरी मिरचीचा ठेचा ते नुसत्या भातावर घेत, नाकाडोळ्यांतून पाणी काढत आणि हे एक आमच्या गावासारखं आहे म्हणत. चहात दूध घालणं हा मात्र त्यांच्या मते गुन्हा होता. माझी आई अगदी त्यांच्या उलट. दुधाशिवाय चहा म्हणजे तिला आजारपणातला काढा वाटे. त्यावरून दोघांची रोज जुंपायची. आई कपभर दुधाचा चहा मुद्दाम दुकानात नेऊन ठेवी आणि बाबा तो मुकाट्यानं गिऱ्हाइकाला देऊन टाकत.

एकदा कोणीतरी त्यांना विचारलं, "बाबा, आपल्या देशात काहून नाही जात?" बाबा हातातली कवळी घासत राहिले. म्हणाले, "कोणत्या कागदावर जाऊ? तिकडचे म्हणतात, तू इकडचा. इकडचे म्हणतात, तू तिकडचा. मंधात एवढं हे दुकान आहे, तिथं बसून राहिलो." विचारणारा हसला. मला नाही हसू आलं.

मी तेव्हा नुकतीच मास्तरीण म्हणून शाळेत लागले होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात आई आणि मी दोघीच. एका चैत्रात आई दुपारचा तो दुधाचा चहा घेऊन दुकानात गेली, तर बाबांनी टेबलावर भाताची वाटी, दोन केळी आणि काळ्या चहाचा कप मांडला होता. उदबत्ती लावली होती आणि स्वतः कामठीच्या दिशेला तोंड करून उभे होते. आई तशीच दारात थांबली. त्यांचं आटोपल्यावर तिनं विचारलं, "कोणाचं आहे आज?"

"बायकोचं," बाबा म्हणाले. "आमच्यात या दिवसांत माणूस झाडू घेऊन जाते. कबर झाडते, गवत काढते, जेवण ठेवते. मले जाता येत नाही, म्हणून इथूनच."

परवानगीसाठी त्यांनी पहिल्याच वर्षी अर्ज केला होता. साहेबानं विचारलं, छावणीच्या गावात चिनी माणसाचं काय काम? बाबा म्हणाले, बायको तिथं आहे. साहेब म्हणाला, मग तिला इकडे बोलवा. ती मेली आहे, असं बाबांनी सांगितल्यावर साहेबाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. अर्ज तिथंच नामंजूर झाला. बाबांनी पुन्हा काही अर्ज केला नाही. "आपल्याच बायकोले भेटाले किती खेपा विचारू?" ते आईला म्हणाले.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाणी आलं की ती भांडल्यासारखी बोले. "मी जाते. कुठं आहे ते सांगा." बाबा नको नको म्हणत राहिले, पण आई एकदा उठली की उठली. शेवटी त्यांनी खूण सांगितली. जुन्या कबरस्तानात मागची भिंत आहे, तिच्याजवळ कडुलिंब आहे, त्याच्या खाली. आणि चहा न्यायचा तर बिनदुधाचा. यावर आई म्हणाली, "पह्यल्यांदा चालली मी तिच्याकडे, अन् काळा चहा देऊ? लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी आई बसनं कामठीला गेली. नवऱ्याआधी गेलेली बाई म्हणजे अहेव गेलेली, तिचा मान मोठा, हे आईच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे पिशवीत केरसुणी आणि पुरणपोळीबरोबर हळदकुंकू, खण, नारळ आणि हिरव्या बांगड्याही होत्या. संध्याकाळी रापलेल्या चेहऱ्यानं आणि उपाशी पोटी ती परत आली आणि घरी न येता आधी दुकानात गेली. मीही तिथंच होते.

"सारं झालं, बाबा. दगड पार काळा पडला होता. घासला, चुना मारला. ओटी भरली, बांगड्या ठेवल्या. आता कशी लख्ख दिसते."

"दगड?" बाबांनी विचारलं.

"हो, डोक्याशी आहे तो."

बाबांनी तिच्या रापलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. मग उठून त्यांनी तिला माठातलं पाणी दिलं. "चांगलं केलं ताई," ते म्हणाले आणि कधी नव्हे तो त्या दिवशी आईच्या हातचा दुधाचा चहा त्यांनी पूर्ण प्यायला.

पुढे हे दर चैत्रात होत गेलं. सुट्टी असेल तेव्हा मीही आईबरोबर जाई. आई दगडाला नवा चुना मारी, बांगड्या बदली आणि थर्मासमधला चहा ओतून म्हणे, "घ्या वं बाई, तुमच्या मालकाचं ऐकू नका." परत आल्यावर बाबा सगळं ऐकून घेत. गवत किती वाढलं होतं, ऊन होतं का, भिंत पडली तर नाही ना. रविवारची नाक्यापर्यंतची फेरी मात्र चालूच होती. मला तेव्हा ती फेरी कळायला लागली होती आणि रविवारी ते सायकल काढताना दिसले की मी खिडकीतून बाजूला होत असे. त्यांच्या पाठीकडे बघवत नसे.

अशी किती तरी वर्षं गेल्यावर एके दिवशी हवालदार पेढे घेऊन दुकानात आला. "बाबा, सुटले तुमी. आता कुठंही जा." गल्लीत पेढे वाटले गेले. रविवारी बाबा धुतलेला सदरा घालून निघाले. आई दारात उभी राहून वाट बघत होती. अंधार पडता पडता ते परतले आणि सायकल लावायला लागले. टपरीवर चहा पिऊन, तिकडचं पान मागवून, नेहमीच्या जागेवरूनच ते माघारी आले होते.

"काहून नाही गेले?" आईनं विचारलं.

"पाय नाही उचलला," बाबा म्हणाले. त्यानंतरच्या रविवारीही तेच झालं. इतकी वर्षं ज्या हुकमानं नाक्यावर अडवलं, तो उठला, तरी हा माणूस आपला अलीकडेच बसून. मला त्या दिवसांत त्यांची फार कीव यायची आणि थोडा रागही.

आईचा राग मात्र कृतीचा होता. चैत्र लागल्यावर तिनं सरळ दुकानाच्या फळ्या लावल्या. "चला, उठा. बायको एवढी वाट पाहून राहिली, अन् तुमी चहा पिऊन राहिले." मी, आई आणि बाबा बसनं निघालो. नाका आला तेव्हा बाबांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. ते त्यांनी कामठी आल्यावरच उघडले.

कबरस्तानात आई पुढे, आम्ही मागे. आईनं कडुलिंबाखालच्या पांढऱ्याशुभ्र दगडासमोर पिशवी ठेवली आणि बाबांना पुढे केलं. बाबांनी तिथं वाकून नमस्कार केला. गवत उपटलं, भात ठेवला, आईनं ओतलेल्या दुधाच्या चहाकडे निमूटपणे बघितलं. मग आई नळावर हात धुवायला गेली आणि बाबा झपझप भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं कधीकाळी तोडलेल्या कडुलिंबाचं खोड होतं आणि खोडाशेजारी एक उंचवटा, गवतानं पार झाकलेला. बाबा गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागले. हातांना वेगच इतका होता की मला सगळं कळलं.

"तो दगडवाला गोऱ्या पलटणीतला सोजीर आहे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तिचा दगड बसवाचाच राहून गेला होता. लाजेपायी ताईले नाही सांगतलं. कडुलिंब इथं दोन होते, हेही ध्यानात नाही आलं."

"मग पहिल्याच वर्षी का नाही बोललात?"

"ताई उन्हातून आली होती, उपाशी. तिले कसं सांगू, चुकली म्हणून? दुसऱ्या वर्षी तर अजूनच उशीर झाला होता." त्यांनी मातीचे हात झटकले. "अन् त्या गोऱ्या सायबाले तरी इथं कोण आहे? त्याले बरं झालं. तो दुधाचाच पित असंल."

म्हणजे इतकी वर्षं बाबांना ठाऊक होतं. ओटी भलत्याच्याच कबरीवर भरली जातेय आणि आपली बायको गवताखाली आहे, हे नाक्याच्या अलीकडे बसून त्यांना ठाऊक होतं. जाता येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. इतकी वर्षं गवतात ठेवलेल्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, म्हणून त्यांचा पाय उचलला नव्हता, हेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आई हात पुसत येताना दिसली तसे ते घाईनं उठले. "ताईले नको सांगू, मास्तरीणबाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बाबांचे रविवार नाक्याच्या पलीकडे जाऊ लागले. ते एकटेच जात आणि येताना नखांत माती असे. मी एकदा म्हटलं, आता तरी दगड बसवा. म्हणाले, "दगड बसवला तर ताईले कळंल." आईला वाईट वाटू नये म्हणून या माणसानं बायकोला शेवटपर्यंत दगडाविना ठेवलं. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा गेले ते झोपेतच. गल्लीतल्या पुरुषांनी आणि निवृत्त झालेल्या हवालदारानं त्यांना कामठीला नेलं. जागा मी हवालदाराला आधीच समजावून सांगितली होती. दुसऱ्या दिवशी आई आणि मी गेलो. आई सवयीनं पांढऱ्या दगडाशी गेली. शेजारी ताजी माती दिसेना, तशी इकडेतिकडे बघू लागली आणि तिला ती लांब खोडाजवळ दिसली. ती कडाडली, "बायको इथं, अन् त्यांले तिथं नेऊन टाकलं? हवालदाराले अक्कल नाही काय?"

मग मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. आई त्या दगडावरच टेकली.

"बाबाले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् मी त्या सोजिराले बांगड्या भरल्या वं!" आई म्हणाली. हसायला गेली आणि रडायला लागली. मी तिला इतकं रडताना वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, दगडावरच्या जुन्या हिरव्या बांगड्या उचलल्या आणि खोडाजवळच्या उंचवट्यावर नेऊन ठेवल्या. पिशवीतून थर्मास काढला. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिनं बिनदुधाचा चहा केला होता. अर्धा तिनं ताज्या मातीवर ओतला, अर्धा शेजारच्या गवतावर.

"पाऊस लागायच्या आत दगड बसवू. दोघांचा मिळून एकच," ती म्हणाली.

थर्मासचं झाकण लावून निघालो तेव्हा आई त्या चुना मारलेल्या दगडापाशी परत थांबली. "तू काही मनाले लावून घेऊ नको गा," ती त्याला म्हणाली. "बांगड्या तिच्या होत्या, तिले दिल्या. तुहा दुधाचा चहा मी आणत जाईन."