कालेर्वोची हलकी बंदूक

कालेर्वो पीराइनेन सत्तर वर्षांचा झाला तेव्हा आमच्या शिकार मंडळाने त्याला एक पाकीट दिलं, आणि त्यानंतर तीन महिने तो आमच्याशी धड बोलला नाही. पाकिटाची कल्पना माझी होती. म्हणून ही हकीकत मीच सांगितलेली बरी.

कालेर्वोने एकतीस हिवाळे आमच्या भागातल्या रस्त्यांवरचं बर्फ हटवायची गाडी चालवली. मी तेव्हा गावातल्या औषधाच्या दुकानात होते. नियमाप्रमाणे त्याने मुख्य रस्ता मोकळा करायचा आणि पुढे जायचं, पण तो गाडी वळवून माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत यायचा, कारण औषधाला येणारी माणसं म्हातारी असतात. यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. मी हात वर करायचे, तो दिवे एकदा मिचकवायचा, संपलं.

शिकारीच्या बाबतीत तो आमच्या मंडळात सगळ्यांच्या वरचा होता. त्याची रायफल त्याने स्वतः जुळवलेली होती. लष्कराच्या जुन्या मालातला बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा खटका, त्याला मनगटाएवढी जाड नळी, आणि बर्चच्या बुंध्यातून स्वतः कोरलेला दस्ता. आम्ही तिला ओंडका म्हणायचो. ओंडका एकदा टेकवला की वाऱ्यालाही हलायचा नाही. शंभर मीटरवर कालेर्वो काडेपेटीत पाच गोळ्या घालायचा आणि मग काडेपेटी वाया गेली म्हणून हळहळायचा.

मग गुडघे गेले, आधी डावा, मागून उजवा. डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर ओझं घेऊन चालायचं नाही असं बजावलं. कालेर्वो कॅम्पवर यायचा, तलावाकाठच्या आमच्या लाकडी घरात चूल पेटवायचा, साउना म्हणजे वाफेची न्हाणी तापवायचा, सरपण इतकं सरळ रचायचा की त्यातली ढलपी काढायला जीव होत नसे. पण कॅम्पजवळच्या दलदलीच्या पलीकडे तो चार वर्षांत गेला नव्हता. आम्ही पालोवारा टेकडीवरून परत आलो की तो विचारायचा, "वर कोण कोण होतं?" म्हणजे कोणते पक्षी. आणि आम्ही सांगत असताना तो चुलीकडे बघत राहायचा.

तेव्हा मला सुचलं की त्याला हलकी रायफल द्यावी. बंदूक अशी उचलून कुणाला भेट देता येत नाही, पोलिसांचा परवाना ज्याचा त्याने काढावा लागतो. म्हणून आम्ही दुकानात ती त्याच्या नावाने बाजूला ठेवली आणि तिचं चित्र पाकिटात घातलं. वाढदिवसाला आमचा अध्यक्ष तौनो दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक हवामानाबद्दल होतं. कालेर्वोने पाकीट उघडलं, चित्र पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "कॉफी निवतेय."

त्यानंतर तो कॅम्पवर आला नाही. लाकडं फोडलेली नसायची, साउना तापायला दोन तास लागायचे. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये मीच त्याच्या घरी गेले.

त्याची बायको सिल्वी हिने दार उघडलं, माझ्या हातात दोन कप दिले आणि तो शेडमध्ये आहे एवढंच सांगितलं. कालेर्वो कुऱ्हाडीचा दांडा घासत बसला होता. मी उलट्या बादलीवर बसले. आम्ही अर्धा कप कॉफी प्यायलो.

"पाकीट कॉफीच्या डब्यामागे आहे," तो म्हणाला.

"परवान्याचा अर्ज?"

"केला नाही." त्याने दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. "तुम्ही सगळे बसलात, माझे गुडघे मोजलेत आणि ठरवून टाकलंत. मला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं. चुकलं आमचं."

त्याची तयारी वादाची होती. मी लगेच कबूल केल्यावर तो पुन्हा दांडा घासायला लागला.

"विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं."

"म्हणून तर नाही विचारलं."

त्याची मिशी हलली. कालेर्वोचं हसणं ते एवढंच. मग दांडा बाजूला ठेवून त्याने विचारलं, "वजन किती तिचं?"

"दुर्बिणीसकट अडीच किलो."

"काहीतरी सांगू नकोस."

"कागदावर तसं लिहिलंय."

"कागदावर माझी उंचीसुद्धा एकशे ऐंशी आहे," तो म्हणाला. पण पुढच्या सोमवारी तो बसने परवान्यासाठी पोलिसांकडे गेला, हे मला सिल्वीकडून कळलं.

परवान्याला वेळ लागला आणि रायफल हातात पडायला सप्टेंबर उजाडला. एका शनिवारी तो ती घेऊन कॅम्पवर आला. खोळ न काढता टेबलावर ठेवली आणि आधी कॉफी प्यायला, आमच्याकडच्या रीतीने चीजचे तुकडे तिच्यात बुडवून, एकेक करून. आम्ही सहाजण ताटकळलो होतो, पण घाई करणाऱ्यातला तो नव्हता.

खोळ निघाली तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. ओंडक्याशेजारी ती खरंच खेळण्यातली वाटत होती. नळी माझ्या अंगठ्याएवढी, दस्ता करड्या फायबरचा.

"पावसात छत्री म्हणून चालेल," तौनो म्हणाला.

कालेर्वोने भिंतीवरचा मासे तोलायचा काटा काढला आणि पट्ट्याला धरून तिला लटकवली. दोन किलो चारशे ऐंशी. मग त्याने ओंडकाही लटकवला. चार किलो नऊशे. काटा त्याने जागेवर परत ठेवला, खुंटीला नीट अडकवला. मग दस्त्यावर बोटाने टकटक करून पाहिली. पोकळ आवाज आला.

"हा दस्ता आहे की लोण्याचा डबा?"

मी कॉफीचे कप गोळा करायला लागले.

त्याने बोल्ट उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, नुसत्या करंगळीने बंद केला. असं सातआठ वेळा. ओंडक्याचा बोल्ट थंडीत तळहाताने ठोकावा लागायचा. हा लोण्यातून सुरी जावी तसा जात होता. लोण्याबद्दल या वेळी मात्र तो काही बोलला नाही, आणि मला थोडा धीर आला.

बाहेर तलावाच्या बाजूला मातीचा उंच बांध आहे, तिथे आम्ही शंभर मीटरवर कागद लावतो. कालेर्वो गुडघ्यांमुळे जमिनीवर झोपू शकत नव्हता. टेबलामागे बसून वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली आणि पहिली गोळी झाडली. त्याने मान वर केली. चाप इतका हलका सुटला होता की त्याला स्वतःलाच पत्ता लागला नव्हता. दुसरी गोळी त्याने वेळ घेऊन मारली, मग तिसरी, चौथी.

कागदापाशी आम्ही सगळेच गेलो. पहिली दोन भोकं एकमेकांना चिकटलेली होती. तिसरं दोन बोटं उजवीकडे, चौथं त्याच्याही वर. तौनोने घसा साफ केला. कालेर्वोने परत येऊन नळीला हात लावून पाहिला, ती चांगलीच तापली होती. तो उठून आत गेला, अर्धा कप कॉफी प्यायला, वीस मिनिटांनी आला आणि पुन्हा दोनच गोळ्या मारल्या. पुन्हा चिकटलेली दोन भोकं, आणि पहिल्यांच्या अगदी शेजारी.

"दोन शब्द नीट बोलते," तो म्हणाला. "तिसऱ्याला बरळायला लागते."

"मग तुझ्यापेक्षा जास्तच बोलते की," मी म्हणाले. तौनो इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं.

उभं राहून मारताना मात्र त्याची फजिती झाली. ओंडक्याचं वजनच त्याला स्थिर ठेवायचं. ही नळी गवताच्या पात्यासारखी डुलत होती. पहिली गोळी कागदाला लागलीच नाही, बांधात गेली. त्याचे कान लाल झाले. अशा वेळी मदत करायला जाऊ नये हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही तलावावरच्या बदकांविषयी बोलायला लागलो. त्याने गुडघ्यांसाठी बाळगलेली चालायची काठी घेतली, ती जमिनीत रोवली, डाव्या हाताच्या मुठीत काठी आणि दस्ता एकत्र धरला. मग नळी हलायची थांबली. संध्याकाळपर्यंत तो तसाच सराव करत राहिला, दोन गोळ्या, मग कॉफी, मग दोन गोळ्या. त्या दिवशी आमच्या कॅम्पवरची कॉफी संपली.

परत करायची की ठेवायची, हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला मला त्याचा फोन आला. "उद्या सकाळी दलदल गोठलेली असेल," तो म्हणाला आणि थांबला. मी म्हणाले, सात वाजता येते. त्याने फोन ठेवला.

दलदलीवरून दोन फळ्यांची वाट आहे, तिच्यावर दंव गोठून पांढरं झालं होतं. कालेर्वो पुढे, मी मागे. तो काठीने फळी चाचपायचा, मग पाऊल टाकायचा. दर शंभरेक पावलांवर तो थांबायचा, दम घेतोय असं न दाखवता झाडांकडे बघायचा. दोनतीनदा त्याचा हात मागे खांद्याकडे गेला. मला वाटलं पट्टा रुततोय.

"टोचतंय का काही?"

"नाही. आहे का ते बघतोय."

पालोवारावर पोचायला आम्हाला दोन तास लागले. पूर्वी तो पाऊण तासात चढायचा. वर पोचल्यावर तो एका खडकावर बसला, दोन्ही पाय लांब केले आणि सगळीकडे नजर फिरवली. आमची जुनी खुणेची पाइन दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडली होती. आम्ही त्याला ते सांगितलं होतं, पण डोळ्यांनी तो आज पाहत होता. उतारावरची रोपं माणसाएवढी झाली होती. मी पिशवीतून राईची भाकर आणि लाल बेरीची पोळी काढली. तो खात खात एकेक गोष्ट बघत होता, घर बदललेल्या नातलगाकडे गेल्यावर बघतात तशी. चार वर्षांचं बघायचं राहिलेलं होतं.

मेत्सो, म्हणजे आमच्याकडचा मोठा रानकोंबडा, मला आधी दिसला. उताराच्या पलीकडच्या पाइनच्या शेंड्यावर तो मोठा काळा नर पाइनची सुईसारखी पानं खात बसला होता, शेपटी खाली सोडून. मी नुसती बोटाने खूण केली. कालेर्वोने दुर्बिणीतून पक्षी पाहिला, मग पक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिलं. मागे पलीकडच्या टेकडीचं रिकामं रान होतं, वाट नाही, वस्ती नाही. तो उठला. उठायला वेळ लागला, आणि उठताना गुडघ्याचा कट्ट आवाज मला ऐकू आला. पक्ष्याने मान वळवली. कालेर्वो तसाच वाकून स्थिर राहिला, पक्षी पुन्हा खायला लागला. मग काठी रोवली, मूठ बांधली.

एकच गोळी झाली. पक्षी फांद्यांवर आपटत सरळ खाली आला.

आवाज विरल्यावर कालेर्वोने बोल्ट उघडून रिकामी पुंगळी काढली, खिशात टाकली आणि परत खडकावर बसला. मी पक्षी आणायला गेले. चांगला चार किलोंचा होता, पाय धरून आणताना माझाच खांदा दुखायला लागला. मी तो त्याच्यासमोर ठेवला. त्याने पिसांवरून हात फिरवला, छातीवरची हिरवी झाक उजेडात बघितली.

"आता हा खाली कोण नेणार?" मी विचारलं.

"बंदूक तुम्ही हलकी केलीत," तो म्हणाला. "पक्ष्याचं कुणाच्या डोक्यात आलं नाही."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मोडायचं नव्हतं, म्हणून पक्षी मी पाठीवर घेतला आणि रायफल त्याने. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. फळ्यांच्या वाटेवर तो दोनदा बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा म्हणाला की डावा गुडघा उद्या शिव्या देणार आहे, देऊ दे.

रविवारी सिल्वीने तो पक्षी सायीत शिजवला, बटाटे आणि गाजरं घालून. तौनो दोनदा वाढून घेऊन तिसऱ्यांदा पातेल्याकडे बघत होता. कालेर्वो त्याला म्हणाला, "घे, छत्रीवाल्याला आज सगळं माफ आहे." जेवण झाल्यावर त्याने मला शेडमध्ये नेलं. बंदुकांच्या लोखंडी कपाटात त्याने नव्या रायफलीसाठी बर्चचा एक खाचेचा आधार करून बसवला होता. ओंडका शेजारीच होता. कालेर्वो तो आता कॅम्पवरच्या टेबलावर वाळूच्या पिशवीवरून मारायला काढतो, काडेपेट्या अजून वाया जातात.

लोण्याच्या डब्याबद्दलची त्याची तक्रार कायम आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने आतल्या पोकळीत वाळून घट्ट होणारा फेस भरून पाहिला, तर आवाज गेला पण वजन शंभर ग्रॅमने वाढलं. ते त्याला इतकं खुपलं की एक दिवस बसून सगळा फेस टोकरून काढला.

यंदा ऑक्टोबरमध्ये तो एकटाच पालोवारावर गेला. संध्याकाळी कॅम्पवर आला तेव्हा मी साउना तापवत होते. बूट काढता काढता त्याने सांगितलं की निम्मी दलदल ओलांडून गेल्यावर त्याने खांद्याकडे हात नेला, तर खांद्यावर काहीच नव्हतं. रायफल घरी कपाटातच राहिली होती.

"मग परत फिरलास?"

"कशाला? तिथवर गेलोच होतो." त्याने मोजे चुलीजवळ वाळत घातले. "दोन नर होते वर. तिसरी मादी. बराच वेळ बसले होते, मीही बसलो."

मग त्याने साउना किती तापली ते विचारलं, आणि मी पाणी आणायला तलावाकडे गेले.