कागदमामांचा विळा

कागदमामा आधी कागदाला मारायचे आणि मग त्याच्याविषयी बोलायचे. पॉलिहाऊसवर जे जाड प्लॅस्टिक घालतात त्याला आमच्याकडे कागदच म्हणतात. दुकानदाराने नमुन्याचा तुकडा दिला की मामा तो बादलीच्या तोंडावर ताणून बांधायला लावायचे आणि मधोमध बुक्की घालायचे. कागद परत वर आला तर ठीक. खोलगटच राहिला तर बादलीसकट दुकानदाराच्या अंगावर. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली होती, तरी त्या तीन बोटांची मूठ भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या दुकानदारांना माहीत होती. बोटं कुठल्याशा मारामारीत गेली असं सगळे म्हणायचे, आणि मामांनी ते कधी खोडून काढलं नाही.

त्यांचं घर वेल्ह्याकडच्या एका वाडीत, उभ्या चढावर. घराच्या पत्र्याला कडेकडेने वीस-पंचवीस कागदांच्या पट्ट्या ठोकलेल्या. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे खाल्ल्याशिवाय कुठलाही कागद ते कुणाला घ्या म्हणत नसत. दर सोमवारी एकेक पट्टी दातात धरून हिसडायची. फाटली की तिला अशा शिव्या घालायचे की शेजारणी पोरांना घरात घ्यायच्या. "हितल्या वाऱ्यात टिकला त्यो कुठंबी टिकतो," म्हणायचे. "दुकानातलं बोलणं म्हंजी मध्यस्थानं स्थळ सांगावं तसं. समदंच चांगलं." ते मला लगेच पटलं. माझं स्थळही असंच सांगितलं होतं.

माझ्या नवऱ्याचा हात फार चालायचा. सहा वर्षं सोसलं आणि एका सकाळी कपड्यांची पिशवी उचलून आंबवड्याला माहेरी आले. माझ्या दारात आता कुणाचा हात कुणावर उठायचा नाही, हे त्या दिवशी ठरवलं. भावांनी ओढ्याकाठचे दहा गुंठे दिले, पण अट घालून. एक वर्ष पॉलिहाऊस चालवून दाखव, नाहीतर गुमान परत नांदायला जा. सांगाडा उभा राहिला आणि कागद निवडायला मी मामांना बोलावलं. मार चुकवून आलेली बाई मारकुट्या माणसाला घरी बोलावते, यात माझी अक्कल दिसते. पण कागदातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

सारोळ्याला एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोनशे मायक्रॉन जाडीचा म्हणून रोल पुढे केला आणि पाच वर्षं बघायला नको म्हणाला. मामांनी कोपरा चावला, बोटांत चोळला, उन्हात धरला. "ह्यो दोनशे मायक्रॉन न्हाई. ह्याला उपाशी ठिवलाय." दुकानदार हसला आणि म्हणाला, "म्हातारबा, दातानं मायक्रॉन मोजता का?" एवढंच. मामांनी रोल उचलून काउंटरवर घातला, काच खळकन खाली. दुकानदाराने त्यांची गचांडी धरली, तशी मामांनी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. बिचाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्त आलं. मला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. परतताना ते मला म्हणाले, "तू एकटी बाई हाय म्हनून पातळ कागद तुज्या गळ्यात मारत हुता." शेवटी ज्याची पट्टी मामांच्या पत्र्यावर दोन वर्षं टिकली होती, तोच कागद किकवीच्या एका माणसाकडून आणला.

तो घालायची तऱ्हाही त्यांचीच. वारा उठायच्या आत, पहाटे. पाइप उन्हात तापून कागद जाळतो म्हणून प्रत्येक पाइपला आधी पांढरी पट्टी. कागदाची आतली बाजू कुठली ते पाणी शिंपडून बघायचं. थेंब पसरला की ती आत. कागद पाइपला घट्ट धरणारी स्प्रिंग बसवताना मजुराने एक सुरकुती सोडली तर मामांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की मी ओरडले. "माझ्या रानात मारायचं नाही, मामा." त्यांनी ती सुरकुती स्वतःच काढली. मग लांब बांबूला एक विळा बांधून त्यांनी पहिल्या खांबाला टांगला. कशाला, म्हटलं. "लागंल," म्हणाले.

ढोबळी मिरची लाल होऊन लटकली होती. पहिला तोडा दुसऱ्या दिवशी होता, टेम्पोही सांगून ठेवला होता. दुपारी वेल्ह्याच्या बाजूने वावटळ उठली आणि बघता बघता वादळ झालं. वारा बाजूने आत शिरला. कागद फुगला, पाइप करकरायला लागले. ओढ्यापलीकडच्या पॉलिहाऊसवर मामांचं काम चाललं होतं. तिथल्या मालकाने विळा हातातून हिसकावला तेव्हा ते ओढा तुडवत माझ्याकडे आले. खांबावरचा विळा घेतला, शिडी चढले आणि माझा नवा कोरा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत टराटरा फाडायला लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या कागदासाठी ज्यांनी नाकं फोडली तेच तो फाडत होते. मी त्यांचा पाय धरून खाली ओढलं. ते चिखलात आपटले. हाताला पाइपचा तुकडा लागला, तो मी त्यांच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, दोनदा. दात तुटून ओठाबाहेर आला, रक्त गळ्यापर्यंत. आता हे उठतील आणि माझा जीव घेतील असं वाटलं. मला मार खायची सवय होती, मी डोळे मिटून उभी राहिले.

मामा रक्त थुंकले. म्हणाले, "आनखी मारायचं तर मार, पोरी. पन आदी तेवडी पलीकडची बाजू फाड."

त्याच वेळी माझ्या पुढ्यातला खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट वीतभर वर उचलला गेला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी विळा उचलला आणि रडत, शिव्या देत, उरलेला सगळा कागद स्वतःच्या हाताने चिरला. वारा आरपार गेला. खांब खाली बसला. ओढ्यापलीकडे मात्र कागद शाबूत राहिला, आणि अख्खा सांगाडा पाइपांसकट उडून ओढ्यात पडला. मालकाचा पाय त्याखाली सापडला.

निम्मी मिरची झडली, निम्मी वाचली. पंधरा दिवसांनी मामा सुजल्या तोंडाने नव्या कागदाची पट्टी घेऊन आले. भाऊ आले, उभा सांगाडा बघून गेले, नांदायला जायचं पुन्हा कुणी काढलं नाही. मी मामांचे पाय धरले. "मामा, मी हात उचलला."

"कागद फाडताना ज्याला राग येत न्हाई, त्यानं कागद घालूच न्हाई," म्हणाले. मग तीन बोटांचा हात माझ्यासमोर धरला. "ही मारामारीत न्हाई गेली. माझं सोताचं पॉलिहाऊस हुतं. म्या फाडलं न्हाई. कागदाचा दोर हाताला गुंडाळून धरून बसलो."

गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन मामा गेले. मी वाडीवर पोचले तेव्हा त्यांना बाहेर आणून ठेवलं होतं. तोंड जरा उघडं राहिलं होतं, समोरचा एक दात नव्हता. लोक म्हणत होते, कुठल्यातरी मारामारीत गेला असेल. या खेपेला मी ते खोडून काढलं. सगळ्यांसमोर सांगितलं, तो मी पाडला. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. वर पत्र्याला पट्ट्या फडफडत होत्या.

आता कागद निवडायला लोक मला नेतात. मी चावते, चोळते, बुक्की घालते. सगळं झालं की विचारते, फाडायचा विळा कुठं टांगणार? बहुतेकांचं डोकं फिरतं. नव्या कागदाच्या वेळी असलं अभद्र बोलता, म्हणतात. किकवीचा एक शेतकरी तर परवा अंगावर धावून आला. त्याचा कागद मी नीट बघून निवडला, आणि विळा स्वतः टांगून आले.