अठ्ठावीस मिलिमीटरचे धनुर्धारी

आम्ही टेबलावर लढाया खेळतो. बोटभर उंचीचेही नसलेले सैनिक, पुठ्ठ्याच्या भिंती, थर्माकोलच्या टेकड्या, मोजपट्टी आणि फासे. जळगावात हा खेळ खेळणारे मोजकेच. रविवारी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. सैनिक बाहेरून मागवावे लागतात. त्या वर्षी माझ्या सैन्यातले बारा धनुर्धारी कुठेच मिळेनात. शेवटी ते धुळ्याला माझ्या मोठ्या बहिणीने केले.

अक्का गणपतीच्या मूर्ती घडवते. मी फोनवर उंची सांगितली: अठ्ठावीस मिलिमीटर. तिने साचा केला, रेझिन ओतलं, रंगवलं. हे सैनिक चालले तर बाकीच्यांनीही तिच्याकडूनच करून घ्यायचं ठरलं होतं. गणपती झाले की तिच्या हाताला काम नसतं. ते वर्षभर मिळणार होतं. सामन्याच्या दिवशी ती स्वतः बसने आली. धनुर्धारी मिठाईच्या डब्यात, कापसात ठेवलेले.

मी ते भालेकऱ्यांशेजारी मांडले. भालेकऱ्यांच्या खांद्यालाही ते लागत नव्हते.

समोरचा खेळाडू वाकला. "अक्का, हे सैनिक आहेत की सैनिकांची पोरं?"

दोघे-तिघे हसले. पंच म्हणून बसलेल्या नानांनी व्हर्निअर काढला. "पाऊल ते डोळा. वीससुद्धा नाही."

"अठ्ठावीस भरतात," अक्का म्हणाली. "पाटापासून तुऱ्यापर्यंत."

मूर्तीच्या कामात उंची अशीच धरतात: खालचा पाट, वरचा मुकुट, सगळं मिळून. आमच्या खेळात पायाखालची चकती आणि शिरस्त्राण सोडून मोजतात. मी आकडा सांगितला होता. कुठून कुठपर्यंत, ते नाही. तिनेही विचारलं नव्हतं. तिच्या लेखी उंची म्हणजे एकच.

"जाड चकत्या लावू खाली," कोणीतरी सुचवलं.

"उंची भरेल," नाना म्हणाले. "डोकं, पंजा, धनुष्य लहानच राहील."

"आणि आत्ता भिंतीआड पूर्ण लपतात," समोरचा म्हणाला. "मी नेम धरू कोणावर?"

हरकत रास्त होती. सैनिकाच्या डोळ्याच्या पातळीवर आपला डोळा नेऊन बघायचं. शत्रू दिसला तरच त्याच्यावर बाण सोडता येतो, असा नियम आहे.

नाना माझ्याकडे वळले. "सैन्य तुझं. तूच बघ आणि सांग."

मी टेबलाला गाल टेकवला. भिंतीवरून भालेकरी छातीपासून वर दिसत होते. धनुर्धाऱ्यांचे नुसते तुरे; ते नेमाला धरत नाहीत. अक्का माझ्याकडे बघत होती.

"नाही चालणार," मी म्हणालो.

"बठ्ठा बाद?" अक्काने विचारलं. "बाराच्या बारा?"

"बठ्ठा."

तिने एकेक उचलून डब्यात ठेवला. मग समोरच्या खेळाडूला म्हणाली, "भाऊ, हरकत तुमची, तर मापाला एक सैनिकही तुमचाच द्या. घरी नेते."

तो आपल्या सैनिकांना कोणाला हात लावू देत नसे. "इथंच मोजून घ्या ना."

"आकडा घेतला होता मी एकदा. आता सैनिकच पाहिजे."

त्याने नानांकडे पाहिलं. नाना व्हर्निअर पुसत राहिले. त्याने मागच्या रांगेतला, भाला वाकलेला एक पुढे केला. अक्काने मान हलवली.

"ताठ उभा आहे तो द्या."

बराच वेळ त्याचा हात पहिल्या रांगेवर थांबला. मग त्याने तिथला एक उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"पुढच्या रविवारी परत पाहिजे."

"नाही," अक्का म्हणाली. "धनुर्धारी होतील तेव्हा त्यांच्यासोबत येईल."