खारपाणपट्ट्यातल्या घरी जाताना कोणतं पाणी प्यायचं

आणि वर पुन्हा मायच माझ्यावर चिडते! मी येणार म्हणून विकतच्या पाण्याचा कॅन मागवून ठेवायचा, आणि मी विचारलं की माय, मी काय पाहुणा हाये काय, तर म्हणते, "पाहुण्यालेच पोट असते काय? मागच्या खेपेले किती जुलाब झाले व्हते तुले, इसरला काय?" गुजरातेत मोरबीच्या टाइल कारखान्यात चार वर्षांपूर्वी लागल्यापासून दर सुट्टीला आमचं भांडण हेच. यंदा तर फोनवरच सांगून टाकलं, कॅन आणला तर मी येत नाही. पण एप्रिलमध्ये आठ दिवस सुट्टी मिळाली अन् पाय इथं टिकेनात.

आमचं गाव दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यात. म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही अन् बाहेरच्या माणसाचं पोट बिघडतं. नळाला गोड पाणी येतं, पण कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी बोअरचं. तिकडं कोणाकडं जाणार असाल तर हे आधी ध्यानात घ्या.

मोरबीहून बसनं अहमदाबाद अन् तिथून रेल्वेनं अकोला. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आसपास पडतं. उन्हाळ्यात जनरलच्या डब्यात चढू नका, शंभर-दोनशे वाचतात अन् माणूस उतरेपर्यंत अर्धा होतो. सामान थोडंच घ्या. माझ्याकडं एकच पिशवी होती. दोन जोड कपडे, कानाला बांधायला सुती दुपट्टा, ओआरएसच्या पुड्या, तापाच्या गोळ्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची मोठी बाटली. पैसे दोन जागी ठेवायचे. मोबाईल खिडकीपाशी चार्जिंगला लावून झोपायचं नाही. कापलेलं फळ अन् बर्फाचं सरबत कितीही मन झालं तरी नाही.

भुसावळ सोडलं की खिडकीतून भट्टीसारखी हवा येते. बाकीचे शटर पाडतात. मी पाडत नाही. ते काळं रान दिसायला लागलं की मला पाडवतच नाही. वर्षभर मी त्याचीच वाट पाहिलेली असते.

अकोल्याहून एसटीनं दर्यापूर, पुढं ऑटो. घरात पाय ठेवला तर कोपऱ्यात कॅन होताच, वर ताट झाकलेलं. मी सरळ माठाकडं गेलो अन् तांब्याभर बोअरचं पाणी पिऊन टाकलं. तो खारट, जड घोट घशाखाली उतरला की मगच मला घरी आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलंच. मी गुपचूप पुड्या घोळून घेतल्या अन् पाणी मात्र माठातलंच पीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी बाबांना घेऊन अमरावतीला गेलो. त्यांचे पाय सुजत होते अन् दर्यापूरच्या डॉक्टरनं मोठ्या तपासणीला धाडलं होतं. फोनवर हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. एसटीत बाबांनी पिशवीतून बाटली काढली. घरून भरून आणलेलं बोअरचं पाणी.

"बाहेरचं पानी मले सोसत नाही," म्हणाले.

शेजारच्या सीटवरच्या बाईंनी घोटभर मागितलं. तोंडात घेतलं अन् खिडकीतून थुंकलं. "काकाजी, हे पानी हाये का लोणच्याचा खार?"

"पानीच हाये वो ताई. तुमचं तोंड फिक्कं हाये."

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो.

दवाखान्यात रिपोर्ट आले तेव्हा हसणं गेलं. डॉक्टर म्हणाले, किडनीवर ताण आलाय, गोळ्या देतो, पण हे खारं पाणी आजपासून बंद.

"जनमभर हेच पेलो साहेब."

"आता नका पिऊ. ऐकलं नाही तर पुढं गोळ्यांनी भागणार नाही."

बाहेर आल्यावर बाबांनी गाडीवर माझ्यासाठी गिला वडा सांगितला, वर दही. लहानपणी अमरावतीला आलो की हेच असायचं. बिघडलेल्या पोटी कोणी खाऊ नये. मी खाल्ला. खाता खाता म्हटलं, "बाबा, उद्यापासून तुमी कॅनचं प्या."

"कॅन पाहुण्यासाठी असते. मी काय माह्याच घरी पाहुणा हाये काय?"

"डॉक्टरनं सांगितलं ना आता!"

"मंग तू काहून बोअरचं पेऊन राहिला? तुले जुलाब लागले, मले काय समजत नाही? तुले चालते, मले नाही?"

मी गाडीवाल्याचे पैसे दिले. आम्ही दर्यापूरची एसटी धरली.

घरी आल्यावर हातपाय धुतले अन् कॅनवरचं ताट काढलं. दोन पेले भरले. एक बाबांपुढं ठेवला, दुसरा त्यांच्यासमोर मी संपवला.

बाबांनी घोट घेतला. "फिक्कं लागते रे."

"मलेबी फिक्कंच लागते, बाबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् पेला रिकामा केला. माय चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "आता दोन पाहुणे झाले माह्या घरी. बसा, चहा टाकतो."

उरलेले दिवस मी माठाला हात लावला नाही. पोट दोन दिवसांत जागेवर आलं. तुम्हीही तसंच करा. आपल्या गावचंच पाणी आहे म्हणून छाती फुगवू नका, चार वर्षांत पोट दुसरीकडचं होऊन जातं.

परत मोरबीत आलोय. इथं कारखान्यात फिल्टरचं गार पाणी आहे. परवा बाटलीत चिमूटभर मीठ टाकून पाहिलं. तसं नाही लागत. मिठाचं लागतं, गावचं नाही. पुढच्या सुट्टीतही माठाजवळ जायचं नाही, कारण मी गेलो तर बाबाही जातील.

काल मायचा फोन होता. बाबा कॅनचंच पितात, ती स्वतः बोअरचंच पिते. म्हणाली, "मले काय धाड भरली? कॅन दिवसाआड येते, दोघाचं करायचं म्हणजे रोज लागते." मी भांडलो नाही. कॅनवाल्याचा नंबर घेतला अन् त्याला सांगितलं, दिवसाआड नको, रोज एक टाक, तीस रुपयांचा. महिन्याचे त्याच्याच खात्यावर आज पाठवले, नऊशे रुपये.