घर उतरवून घेण्याबाबत

इतवारीत भांडे बाजाराच्या मागे आमची गल्ली आहे. एका ओळीत चिकटून नऊ घरं, आणि नऊ घरांना मिळून बाजूच्या भिंती दहाच. माझी भिंत ती शेजारच्याचीही. म्हणून भिंतीत खिळा ठोकायचा तर आमच्याकडे आधी ओरडावं लागतं, "खिळा ठोकून राहिलो गा!" पलीकडचा माणूस आपल्या बाजूचे फोटो, घड्याळ, फळीवरचे डबे काढून घेतो आणि मग ओरडतो, "ठोक!" ते उत्तर आल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. मी याच घरात जन्मले, इथूनच शाळेत चित्रकला शिकवायला जात राहिले आणि इथेच निवृत्त झाले. हा नियम मोडलेला मी एकदाही पाहिला नाही.

निवृत्त झाल्यावर मला एक खूळ लागलं. आपल्या घरांची चित्रं काढायची. प्रत्येक घराच्या सज्ज्याच्या कठड्याची नक्षी वेगळी, कुठे कमळ, कुठे नुसत्या उभ्या सागवानी पट्ट्या. कवेलूंच्या छपराची उतरण मात्र नऊ घरांवर एका रेषेत. हे सगळं कागदावर उतरवायचं, एका रविवारी गल्ली गाड्यांसाठी बंद करून ज्याच्या त्याच्या दारावर ज्याचं त्याचं चित्र लावायचं, आणि इतवारीला दाखवायचं की बघा, काय घेऊन बसलो आहोत आम्ही. गल्ली बंद करायची तर महापालिकेच्या ऑफिसात अर्ज हवा. मी झोकात लिहिला. विषय: गल्लीतील नऊ जुनी घरे उतरवून घेणे व त्यासाठी गल्ली बंद ठेवणेबाबत. खाली प्रत्येकाचं एक वाक्य, "आमचे घर उतरवून घेण्यास आमची हरकत नाही."

जन्मभर मुलांना मी "समोरचा माठ उतरवून घ्या" असंच सांगत आले. उतरवणं म्हणजे बघून काढणं. दुसरा अर्थ माझ्या डोक्याला शिवला नाही. अतिशहाणी म्हणतात ती मीच.

सह्या पटापट झाल्या. निम्म्या गल्लीची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, बाईंना नाही कोण म्हणणार? माझ्या भिंतीपलीकडे काका राहतात. पितळेची भांडी घडवण्यात त्यांचा जन्म गेला, आता हात थरथरतो म्हणून अंगठा देतात. बायको गेली, मुलगी मौद्याला सासरी. ती सारखी बोलावते, हे जात नाहीत. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचं घर उतरवून घेऊन राहिली. दोन दिवस लागतीन. तुम्ही फक्त भिंतीवरचं सामान काढून ठेवा."

काकांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू म्हनतं तं उतरव वं बाई." आणि अंगठा उठवला. मला वाटलं, चित्राचं ऐकून लाजले असतील.

पंधरा दिवसांनी दोन माणसं टेप घेऊन आली. मी हरखले. अर्जाची एवढी दखल? त्यांना चहा पाजला, टेपचं दुसरं टोक हौसेने धरून उभी राहिले. ती माणसं प्रत्येक घराच्या खांबावर लाल रंगाने आकडे टाकत गेली. मला वाटलं, प्रदर्शनासाठीच असणार. नवव्या घरापाशी त्यांच्यातला एक म्हणाला, "बाई, सागवान तुम्ही काढून ठेवता का ठेकेदारालेच देता?"

"कायचा ठेकेदार?"

"घरं उतरवायचा, पाडायचा. तुमचाच तं अर्ज आहे."

टेप माझ्या हातातून सुटला. मी ओट्यावर बसलेच. माणूस रागावला तर ओरडतो, दुःख झालं तर रडतो, पण भीती वाटली की काय करायचं हे मला साठाव्या वर्षीही माहीत नव्हतं. मी रिकाम्या कपबशा गोळा करत राहिले.

ऑफिसातला बाबू चांगला माणूस होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. फाईल उघडून कौतुकाने म्हणाला, "मॅडम, घरं जुनी, भिंती सामाईक, अन् नऊच्या नऊ मालक राजी. अशी फाईल आमाले कधी भेटतच नाई!" मी उतरवणे या शब्दावर अर्धा तास बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मंग चित्र काढणे लिहायचं ना, मॅडम." नवा अर्ज, नऊही जणांच्या नव्या सह्या, शुक्रवारपर्यंत. एक जरी कमी पडली तर पहिला कागद कायम.

दोन दिवस मी दारोदार फिरले. जिथे भाव खाऊन सह्या घेतल्या तिथे मान खाली घालून सांगितलं की तुमचं घर मी पाडायला दिलं होतं. एकजण हसला. एकीने दारातच सुनावलं, "शिकले सवरलेले लोकच घर बुडवते." आठ सह्या झाल्या. काकांकडे मी शेवटी गेले, कारण त्यांना सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटत होती. भिंत एक आहे. त्यांचं घर निघालं तर माझं माडीसकट खाली येईल, माझं निघालं तर त्यांचं.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं. भिंत मोकळी. परात, पाण्याचा गुंड, घंगाळ, चाळीस वर्षं ज्या खिळ्यांवर होतं तिथे आता फक्त गोल पांढरे डाग. भांडी जुन्या लुगड्यांत बांधलेली. काका एका गाठोड्यावर बसले होते.

"झालं वं बाई," ते म्हणाले. "पोरीले फोन केला. रविवारी गाडी घेऊन येते मौद्याहून."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "काका, मी चित्राचं म्हनत होती. घर पाडायचं नाई. तुम्ही पाडायच्या कागदावर अंगठा काहून दिला?"

"तू मांगितला म्हनून. म्या म्हटलं, भिंत दोघाइची. तुले तिकडून काही दिसलं असन. तडा गेला असन. बाई उगाच म्हनन काय?"

मी तिथेच रडले. लाज आणि भीती एकत्र आली की आवरत नाही. काकांनी नव्या कागदावर अंगठा दिला, पण आधी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. बरोबर केलं.

शुक्रवारी कागद गेला. बाबूने शिक्का मारला. पहिला अर्ज परत द्या म्हटलं तर म्हणाला, "तो फाईलीतच राहते मॅडम. रद्द लिहिलं आहे वर." म्हणजे तो तिथे आहे. माझ्या अक्षरात, नऊ सह्यांसकट. खांबावरचा लाल आकडा मी घासते आहे, सागवानात मुरलेला रंग निघत नाही. रस्त्यावर टेम्पो थांबला तरी मी सज्ज्यात धावते.

रविवारी मौद्याची गाडी आली आणि रिकामी गेली. दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "खिळा ठोकून राहिलो वं बाई!"

हजारदा दिलेलं उत्तर मी या वेळी लगेच दिलं नाही. काका थांबले होते. मी बोलल्याशिवाय त्यांची हातोडी उठणार नव्हती, हे मला माहीत होतं.

"काय ठोकून राहिले काका?" मी ओरडले. "नीट सांगा!"

"परातीचा खिळा वं! जुन्याच भोकात!"

मी घड्याळ काढून पलंगावर ठेवलं, ठोका म्हटलं, आणि त्यांचं ठोकणं संपेपर्यंत दोन्ही हात भिंतीला लावून उभी राहिले.