डोक्यावरून पाणी

आमच्या आईला डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं. बस, एवढंच मागणं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मी तिला रोज ओल्या पंच्यानं पुसायचे आणि पुसून झालं की ती म्हणायची, "ह्याला काय न्हाणं म्हणत्यात व्हय? बरणी पुसल्यावानी पुसती मला." दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून आलेल्या माणसानं हे ऐकायचं! मी पंचा बादलीत आपटायचे. पण ती खोटं बोलत नव्हती. उन्हाळ्यात तिच्या केसांना वास यायला लागला होता, आणि तो वास तिला स्वतःला यायचा, हे जास्त वाईट होतं.

गुलमंडीच्या मागच्या बोळात आमचं घर, म्हणजे खाली एक खोली आणि वर एक. खाली भावाचं शिलाईचं दुकान, त्याच्या मागं एवढंसं स्वयंपाकघर आणि तिथंच मोरी. वरच्या खोलीची जमीन लाकडी, जुन्या सागाच्या फळ्यांची. मध्ये शिडीसारखा उभा जिना. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी आईला खुर्चीत बसवून वर चढवलं, त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायची, तेही मी घरात असताना. एकटी उठलीस तर बघ, असा माझा दमच होता. परत पडली तर संपलं, असं डॉक्टर म्हणाले होते.

वर पाणी ओतावं तर ते फळ्यांच्या फटीतून थेट भावाच्या मशीनवर. म्हणून शेवटी मीच डोक्यात घेतलं, की वरच्या कोपऱ्यात नीट न्हाणीघर बांधून घ्यायचं. भाऊ म्हणाला, "लाकडावर न्हाणीघर? येड लागलं का तुला?" माझा भाऊ माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडाला लगाम नाही. महिनाभर मी त्याच्यामागं लागले, तेव्हा कुठं तो व्हय म्हणाला.

मिस्त्री लासूर स्टेशनचा. बोलण्यात लई पुढं. "फिकर नको करो ताई. वर हत्ती न्हाऊ दे, खाली थेंब पडला तर मिस्त्री म्हणू नका मला." पण काम मात्र त्यानं मन लावून केलं. आधी खालून दोन जास्तीच्या तुळया टाकून घेतल्या. लाकूड हललं की टाइल तडकलीच, असं म्हणत फळ्यांवर सिमेंटचे पत्रे स्क्रूनं आवळले, सांध्यांवर जाळी चिकटवली, आणि पाणी अडवायचं काळं केमिकल ब्रशनं भिंतीवर हातभर वरपर्यंत फासलं. मग पाणी जायच्या जाळीच्या भोकाकडं ढाळ देऊन खरबरीत राखाडी टाइल बसवल्या. दाराशी उंबरा नको, आईचा वॉकर अडेल, असं मी बजावलं होतं. "उंबऱ्याबिगर न्हाणी?" म्हणून तो जरा कुरकुरला, पण ऐकलं त्यानं.

आई पलंगावरून सगळं बघायची. टाइलची एकेक ओळ बसत गेली तशी बाईच्या तोंडावर रया आली. मला पिटाळून तिनं चंदनाचा साबण आणवला. तो कागदासकट उशीखाली ठेवायची आणि मधूनच काढून हुंगायची. "कागद फाडू नको हं," मी चिडवायचे, "सासरी न्यायचाय तो." ती हसायची. तिला हसताना बघून मला वाटायचं, जमलं बाबा एकदाचं.

शेवटचं काम राहिलं ते, कुठं गळतंय का हे पाणी भरून बघायचं. मिस्त्रीनं जाळीचं भोक बंद केलं, दाराशी सिमेंटच्या मालाचा कच्चा बांध घातला आणि ड्रममधलं पाणी तीन बोटं भरलं. "उद्या संध्याकाळी येतो. तोवर आत कुणी पाय टाकायचा नाय, काम ओलं आहे." आईचा जीव त्या पाण्यात अडकला. आमच्याकडच्या नळाचा नेम नाही, तांब्या तांब्या जपून वापरायची सवय. "मंग त्या पाण्याचं पुढं काय करणार?" तिनं विचारलं. सोडून देणार, मी म्हटलं. "अगं बाई! एवढं सगळं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात भावाचा फोन. "ये घरी. बघ ये तुझं न्हाणीघर."

बोळाच्या तोंडापासूनच त्याचा आवाज ऐकू येत होता. तो दुकानाचं शटर ओढून जेवायला बसला होता, तेवढ्यात वरून पाणी गळलं, ते नेमकं एका नवरदेवाच्या कोटावर. बदामी रंगाचा कोट, संध्याकाळी न्यायला येणार होते. फळ्यांमधली कित्येक वर्षांची माती घेऊन उतरलेलं ते पाणी, खांद्यापासून खिशापर्यंत तांबडा ओघळ. "बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तुम्ही मला!" तो छताकडं बघून ओरडत होता. मी वर पळाले. तीन बोटांचं पाणी जेमतेम दोन बोटं उरलं होतं. आई भिंतीकडं तोंड करून निजली होती.

मिस्त्री आला, पाणी बघितलं आणि त्याचं तोंडच सुकलं. जाळीपाशी गळत असणार म्हणून त्यानं आपल्या हातानं त्या टाइल फोडल्या. तिथं काही सापडेना. मग कोपरा फोडला. तिथंही काही नाही. तोवर अर्धी जमीन उखडली होती. "हत्ती न्हाणार होता ना?" मी म्हणाले, आणि अजून बरंच काय काय बोलले. तो हत्यारं गोळा करून खाली मानेनं निघून गेला. उरलेलं भावानं उपटून काढलं आणि वर प्लायवूड ठोकला. न्हाणीघराचं परत नाव काढायचं नाही, असं त्यानं दोघींनाही सांगितलं.

त्या रात्री आईची वेणी घालताना केस दमट लागले. उकाडा इतका होता, की मला वाटलं, घामच असेल.

पुढं आईनं न्हाण्याचं नाव काढणंच सोडलं. पंच्यानं पुसताना कुरकुर नाही, काही नाही. हात उचल म्हटलं की हात उचलायची. मला ती कुरकुर हवीशी वाटायला लागली. देवा, हिचं एवढंसं मागणं, तेही आपल्याच्यानं झालं नाही, असं मनात यायचं.

एकदा असंच पुसता पुसता मी त्या मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडत होते. आई म्हणाली, "त्याला नको बोलू बाई. गळत नव्हतं ते."

"तुला काय माहीत?"

"म्या न्हाले व्हते."

माझा हात थांबला. ती हळूहळू सांगत गेली. नाहीतरी सोडूनच देणार होते ते पाणी. मी ऑफिसात, भाऊ खाली. वॉकर धरून ती दारापर्यंत गेली. आत पाय टाकायचा नाही, असं मिस्त्रीनं सांगितलेलं, म्हणून बाहेर, फळ्यांवरच स्टूल ओढून बसली. बांधावरून तांब्या बुडवायचा आणि डोक्यावर ओतायचा. मग लुगड्यानं फळ्या पुसल्या, वर चटई टाकली, कपडे बदलले आणि येऊन पडली.

"आणि आम्ही सगळं फोडेपर्यंत गप बसलीस?"

"त्याचा आवाज ऐकला ना खालून. त्या कोटाचं. मंग तोंडच उघडंना माझं."

"मी सांगते त्याला. परत बांधू आपण."

"नको. माझी आण आहे तुला." तिनं माझं मनगट धरलं. "झालं की माझं न्हाणं. लई गार वाटलं बघ, कानात पाणी गेलं."

मी खाली बसून रडायला लागले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिनं उशीखालून साबण काढला. कागद तसाच होता.

"हा तेवढा लावला नाय," ती म्हणाली. "पाणी खराब झालं असतं. मिस्त्रीला बघायचं व्हतं ना ते."